सकाळी न उठणारा संगणक

सलग चौथ्या दिवशी सकाळी मात्राबाईंनी बटण दाबलं आणि सलग चौथ्या दिवशी संगणकाने तेच केलं. पंखा घरघरला, पडदा उजळला, पांढऱ्या अक्षरांच्या पाच ओळी भराभर उमटल्या आणि पाचव्या ओळीवर गाडी रुतली. 'डिस्क तपासत आहे' एवढं लिहून तो जो गप्प बसला, तो बसलाच.

"उठला का तुमचा कुंभकर्ण?" शिवणयंत्रावरून वहिनीने विचारलं.

मात्राबाईंनी वही ओढली. त्यांनी वहीत लिहिलं: 'सकाळी ७.४०. पाचवी ओळ. पंचवीस मिनिटं वाट पाहिली.' मग रोजच्यासारखा पेनड्राइव्ह लावून संगणक त्याच्यावरून चालू केला. डिस्क बघितली, तर ठणठणीत. पेनड्राइव्ह काढला, पुन्हा बटण दाबलं आणि आता तोच संगणक शहाण्या मुलासारखा सुरू झाला. दिवसभर कितीही वेळा बंद-चालू करा, एक तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मात्राबाई एकतीस वर्षं एका दैनिकात मुद्रितशोधक होत्या. पान छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका टिपायच्या, हे त्यांचं काम. काना-मात्रेची चूक त्यांच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून हाताखालच्या लोकांनी ठेवलेलं हे नाव. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं. पुढे दैनिकाने चुकांखाली लाल रेघ ओढणारं यंत्र आणलं आणि मुद्रितशोधकांचं टेबल उचलून जिन्याखाली ठेवलं. त्याला आता तीन वर्षं झाली. भाऊ त्याच्याही बराच आधी गेला होता. तेव्हापासून घरात त्या दोघीच, नणंद आणि भावजय. वहिनी कपडे शिवायची, मात्राबाई वाचायच्या, आणि दोघी मिळून भांडायच्या.

संगणकाचं लचांड आलं ते वाचनालयातून. तिथे सात संगणक होते, सगळे कॉलेजात जाणाऱ्या पोरांहून वयाने मोठे. संगणक चालवणारी जी प्रणाली त्यांच्यावर होती, तिच्या कंपनीने हात वर केले होते; या मशीनना आता नवीन काही मिळणार नाही, नवे संगणक घ्या, म्हणून सांगितलं होतं. वाचनालयाची समिती पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचला बसून ठरवणार होती की सातही संगणक भंगारात द्यायचे आणि ती खोलीच बंद करायची. नोकरीचे अर्ज भरायला येणारी माणसं, परीक्षेचे निकाल बघणाऱ्या मुली, परदेशी गेलेल्या लेकाचं तोंड बघायला येणारे म्हातारे, सगळे रोज त्याच खोलीत येत.

"लिनक्स टाकून बघा," मात्राबाई ग्रंथपालांना म्हणाल्या होत्या. कुठेतरी वाचलेलं होतं तेवढ्यावर.

"ते काय असतं?"

"प्रणालीच. पण कुणा एकाच्या मालकीची नाही. लोकांनी मिळून केलेली, फुकट. तिचे शेकडो अवतार आहेत. एकाचं नाव 'चिवट'. मुद्दाम जुन्या मशीनसाठी केलेला."

ग्रंथपाल सज्जन माणूस होता, पण समितीला घाबरून असायचा. "एक घरी घेऊन जा," तो म्हणाला. "रोज सकाळी नीट चालू होतो एवढं दाखवा. मग समितीपुढे बोलायला मला तोंड राहील."

चिवटची नवी आवृत्ती पुढच्या शनिवारी यायची होती. ती कच्ची असताना लोकांनी आपापल्या जुन्या मशीनवर चालवून बघावी आणि सापडेल तो दोष, म्हणजे त्यांच्या भाषेत 'बग', नोंदवावा, असं आवाहन होतं. मात्राबाईंना पहिला बग तिसऱ्या मिनिटाला सापडला. 'पुढे' या बटणावर 'पूढे' लिहिलं होतं. त्यांनी नोंद केली. दोन तासांत 'सुतार' या टोपणनावाने उत्तर आलं: "दुरुस्त केलं. मनापासून आभार, मत्राबाई."

मात्राबाईंनी ते उत्तर तीनदा वाचलं. एकतीस वर्षांत त्यांनी चुकांचा डोंगर उपसला होता. सुटलेल्या एका चुकीबद्दल बोलणी खाल्ली होती, पण पकडलेल्या हजारांबद्दल कुणी आभार मानल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी उलट लिहिलं: "माझ्या नावातला काना पडला आहे. तोही दुरुस्त करावा." त्यावर सुतारने हसरा चेहरा पाठवला आणि काना परत केला.

तेव्हापासून बाईंना चेव चढला होता. पाच दिवसांत त्यांनी अकरा बग पकडले. कुठे खिडकी पडद्याबाहेर जात होती, कुठे आवाज कमी करायचं बटण आवाज वाढवत होतं. बारावा मात्र हा सकाळचा.

सुतारचं उत्तर आलं होतं: "आमच्याकडच्या मशीनवर असं होत नाही. तुमची डिस्क म्हातारी झाली असणार."

"डिस्क म्हातारी असेल तर दुपारी तरुण कशी होते?" मात्राबाई स्वतःशीच पुटपुटल्या.

त्याच आठवड्यात शनिवारी वहिनी दोन दिवसांसाठी बहिणीकडे गेली. रविवारी सकाळी मात्राबाईंनी सवयीने वही उघडली, बटण दाबलं, आणि हातातला चहाचा कप तसाच राहिला. संगणक चालू झाला होता. पाचवी ओळ आली आणि गेली, निळा पडदा आला, सगळं जागच्या जागी. सोमवारी सकाळीही तेच.

आनंद व्हायचा तो झालाच नाही. न सांगता आलेली चूक वाईट, पण न सांगता गेलेली चूक त्याहून वाईट. ती पुन्हा कधी उगवेल याचा नेम नसतो. काय बदललं, काय बदललं, करत बाई खोलीभर फिरल्या. तीच मशीन, तीच खुर्ची, तोच पेनड्राइव्ह. बदललं होतं एकच. त्यांनी वहिनीला फोन लावला.

"वहिनी, तू संध्याकाळी माझ्या संगणकाला हात लावतेस का?"

"मी कशाला लावू? इस्त्रीला जागा नसते म्हणून तेवढा त्याचा प्लग काढते. काम झालं की परत लावते. बंदच तर असतो की तो."

मात्राबाई मटकन खुर्चीत बसल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"वन्सं? काही बिघडलं का माझ्या हातून?"

"बिघडलं नाही. सापडलं. तू ये लवकर."

त्यांनी लगेच संगणक बंद करून प्लग उपटला, घड्याळ लावून दहा मिनिटं थांबल्या, प्लग लावला, बटण दाबलं. पाचवी ओळ, ठप्प. पेनड्राइव्हने उठवला. आता नुसताच बंद करून प्लग तसाच ठेवून दहा मिनिटं थांबल्या. सुरू. पुन्हा प्लग काढला. ठप्प. असं त्यांनी सात वेळा केलं आणि सातही वेळा गणित चुकलं नाही. परीक्षेत पेपर सोपा निघाल्यावर मुलीला होतं तसं त्यांना त्रेसष्टाव्या वर्षी होत होतं.

पण प्लगचा आणि डिस्कचा संबंध काय? तिथे अजून घोडं पेंड खात होतं. चालू होताना एक कळ दाबली की मशीनच्या पोटातली माहिती दाखवणारा एक जुनाट निळा पडदा येतो, हे त्यांनी वाचलं होतं. प्लग काढून, लावून, त्यांनी तो पडदा उघडला. त्यावर आकडेच आकडे होते, त्यातलं निम्मं त्यांना कळत नव्हतं. तरी नजर आपोआप वर गेली. दैनिकात कुठलंही पान हाती आलं की आधी माथ्यावरची तारीख तपासायची, मग बाकीचं. ती सवय हाडात मुरली होती. माथ्यावर लिहिलं होतं: १ जानेवारी २००३.

"अगं बाई," मात्राबाई म्हणाल्या.

वीज नसतानाही घड्याळ चालू राहावं म्हणून संगणकात नाण्याएवढा एक सेल असतो. तो केव्हाच मेला होता. प्लग काढला की मशीनचं घड्याळ जन्मसालाला परत जायचं. पेनड्राइव्हवरून चालू केल्यावर ते इंटरनेटवरून आजची वेळ घ्यायचं आणि मग सगळं सुरळीत. प्रश्न डिस्कचा नव्हताच, तारखेचा होता.

मात्राबाईंनी नोंद लिहिली. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. सात प्रयोग, सात वेळा. एकही शब्द जास्त नाही. दुपारी सुतारचं उत्तर आलं.

"छान शोधलंत. पण हा दोष मशीनचा आहे, चिवटचा नाही. सेल बदला. शनिवार तोंडावर आहे, त्यामुळे नोंद बंद करतो."

तोवर वहिनी परत आली होती. तिने पिशवी ठेवता ठेवता नणंदेचा चेहरा बघितला. "काय म्हणतो तो सुतार?"

"सेल बदला म्हणतो."

"मग बदला की. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल."

"मी बदलीन ग. पण ज्याला माहीतच नाही की आत सेल असतो, तो काय करेल? त्याला पाचवी ओळ दिसेल. तो म्हणेल, डिस्क गेली. आणि चांगलं मशीन उचलून भंगारात टाकेल. चोर सोडून संन्याशाला सुळी."

वहिनी पिशवी रिकामी करत राहिली. मग म्हणाली, "वाचनालयातल्या उरलेल्या सहांचे सेल तरी जिवंत आहेत का?"

मात्राबाईंनी तिच्याकडे बघितलं. वाचनालय बंद करताना ग्रंथपाल रोज मेन स्विच पाडायचा. वीस वर्षं पाडत होता.

मंगळवारी सकाळी दोघी पेनड्राइव्ह घेऊन वाचनालयात हजर झाल्या. एकेका मशीनवर चिवट चढवायला तास-सव्वा तास लागत होता. मात्राबाई एका रांगेत, वहिनी दुसऱ्या. पहिल्या मशीनला वहिनी प्रत्येक प्रश्नाला "वन्सं, आता काय?" विचारत होती, तिसऱ्याला ती आपणहून 'पुढे' दाबत गेली आणि मात्राबाईंच्याही आधी तिची रांग संपली. "कापड बेतण्यापेक्षा सोपं आहे," ती म्हणाली. संध्याकाळी ग्रंथपालाने नेहमीसारखा मेन स्विच पाडला.

बुधवारी त्याने स्विच वर केला तेव्हा तिघंही खोलीत होते. सहा पंखे घरघरले, सहा पडदे उजळले. दोन संगणक सुरू झाले. चार पाचव्या ओळीवर अडकले.

ग्रंथपालाचा चेहरा उतरला. "बाई, हे तर चाललंच नाही."

"हेच तर हवं होतं," मात्राबाई म्हणाल्या आणि भराभर फोटो काढायला लागल्या. ग्रंथपालाने वहिनीकडे असं बघितलं, की या ठीक आहेत ना. वहिनीने ठीक असल्याची मान हलवली.

मात्राबाईंनी बंद केलेली नोंद पुन्हा उघडून लिहिलं: "एका शितावरून भाताची परीक्षा नको, म्हणून सात मशीन तपासली. पाच अडकली. पाचही ठिकाणी डिस्क चांगली आहे. तुम्ही ही प्रणाली जुन्या मशीनसाठी केलीत. जुन्या मशीनचा सेल मेलेला असणं हा अपवाद नाही, नियम आहे. तुमच्या मशीनवर असं होत नाही, कारण तुमच्या मशीनचे सेल जिवंत आहेत. एक काढून बघा."

ते धाडल्यावर त्यांनी पुन्हा वाचलं. जरा जास्तच तोडून लिहिलं का, असं वाटलं. दोन तास काहीच आलं नाही. मग आलं.

"काढला. अडकलं. मत्राबाई, माफ करा."

आणि लगेच दुसरं: "मात्राबाई. घाईत काना राहिला."

त्यानंतर मात्र उत्तरांची रीघ लागली. सुतार एकेक धागा उसवत होता आणि सापडेल ते लिहीत होता. दुपारी साडेतीनला त्याने लिहिलं: "सापडलं. सहा वर्षांपूर्वी मीच लिहिलेली ओळ आहे. डिस्कवरची शेवटची नोंद घड्याळाच्या पुढची दिसली, तर घड्याळ तिथवर पोचेपर्यंत थांब, असं मी सांगितलं होतं. घड्याळ दोन-चार सेकंद मागे असेल, या हिशेबाने."

मात्राबाईंना हसू आवरेना. वहिनी शिवण टाकून आली. "काय झालं?"

"अगं, तो अडकलेला नव्हताच. वाट बघत होता. त्याच्या लेखी २००३ साल आहे आणि नोंद आजची. मधली सगळी वर्षं संपायची वाट बघत बसला होता बिचारा."

"आणि आपण पंचवीस मिनिटांत कंटाळलो," वहिनी म्हणाली.

गुरुवारी सकाळी दुरुस्ती आली. दोघींनी ती सातही मशीनवर चढवली. घरचं मशीन त्यांनी रिक्षात मांडीवर घेऊन वाचनालयात आणलं होतं. ग्रंथपालाने अर्धा तास मेन स्विच पाडला आणि वर केला. पाचवी ओळ आली, क्षणभर थांबली, गेली. एक, दोन, तीन... सातही पडदे निळे झाले. अर्ज भरायला आलेली एक तरुणी दारात उभी होती, तिने काही न कळताही टाळ्या वाजवल्या. ग्रंथपाल म्हणाला, "समितीच्या अध्यक्षांना फोन करतो."

"थांबा," मात्राबाई म्हणाल्या.

त्या पाचव्या मशीनपुढे उभ्या होत्या. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तारीख होती. सहा मशीन आजची तारीख दाखवत होती. हे दाखवत होतं १४ मार्च २०९९.

"चालू तर झालं ना?" वहिनी हळूच म्हणाली. "कोण बघतंय कोपऱ्यात."

"मी बघतेय."

हे मशीन काल नीट सुरू झालं होतं. त्याचा सेल मेला नव्हता, मरायला टेकला होता. मेलेला सेल निदान रोज एकच खोटं बोलतो; मरायला टेकलेला रोज नवं काढतो. आज त्याने मशीनला शतकाच्या शेवटी नेऊन ठेवलं होतं आणि नव्या दुरुस्तीने त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता. त्यावर एकही संकेतस्थळ उघडेना, कारण त्या सगळ्यांची खरेपणाची, ठरावीक मुदतीची प्रमाणपत्रं २०९९ सालात केव्हाच बाद झाली होती.

मात्राबाईंनी नोंद लिहिली. या वेळी सुतारचं उत्तर चार मिनिटांत आलं: "मी डोकं टेबलावर ठेवून बसलोय. पण बरं झालं आज सापडलं. शनिवारनंतर सापडलं असतं तर लोकांनी मला फाडून खाल्लं असतं. उद्या दुपारपर्यंत वेळ द्या."

शुक्रवारचे तीन वाजले तरी दुरुस्तीची फाइल आली नव्हती. समितीची माणसं पाचला यायची होती. ग्रंथपाल तिसऱ्यांदा पाणी पिऊन आला. वहिनी एका बाकावर बसून बटणं टाचत होती आणि दर पाच मिनिटांनी नणंदेच्या पडद्याकडे बघत होती. सव्वातीनला फाइल आली. सोबत एकच ओळ: "घड्याळ मागे असेल तर शेवटची नोंद धरेल, फार पुढे असेल तर कुणावरच विश्वास न ठेवता माणसाला विचारेल."

सात मशीन आणि दोन पेनड्राइव्ह. मात्राबाई एका टोकाला, वहिनी दुसऱ्या टोकाला. मधे फक्त "झालं", "पुढचं घे", "हे मी करते" एवढंच. चार वाजून चाळीस मिनिटांनी सातवं झालं. ग्रंथपालाने मेन स्विच पाडला. पंखे थांबले आणि खोली एकदम शांत झाली.

दहा मिनिटं.

स्विच वर गेला तेव्हा समितीचे अध्यक्ष काठी टेकत दारात येऊन उभे राहिले होते. वेळेआधी येणाऱ्यांपैकी होते. त्यांच्या डोळ्यांदेखत सात पडदे उजळले. सहा थेट निळे झाले. पाचव्यावर मोठ्या अक्षरांत प्रश्न आला: 'माझं घड्याळ बिघडलेलं दिसतं. आज कोणती तारीख आहे?' आणि खाली: 'घड्याळाचा सेल बदलायला हवा. हे काम सोपं आहे.'

मात्राबाईंनी ते वाक्य काना-मात्रेसकट तपासलं. एकही चूक नव्हती.

अध्यक्ष वाकून बघत होते. "हा संगणक आपणहून सांगतो, त्याला काय झालंय ते?"

"हो," मात्राबाई म्हणाल्या.

"आमच्या घरचं कुणी सांगत नाही." त्यांनी खुर्ची ओढली आणि स्वतःच तारीख भरायला बसले. ग्रंथपालाने तयार केलेलं भाषण खिशातच राहिलं. समितीची बैठक त्या दिवशी संगणकांच्या खोलीतच झाली आणि खोली राहिली. सेल आणायचं काम वहिनीने अंगावर घेतलं.

शनिवारी नवी आवृत्ती बाहेर पडली. तिच्यासोबतच्या टिपणात लिहिलं होतं की आता घड्याळाचा सेल मेलेला असला तरी संगणक सुरू होईल. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मात्राबाईंनी सहज ते पान उघडलं. खाली लोकांचे निरोप होते. त्यातला एक कुठल्याशा शाळेतल्या मास्तरांचा होता. त्यांची चौदा मशीन वर्षभर कुलपात पडून होती, सगळ्यांच्या डिस्क गेल्या असं सांगून कुणीतरी ती निकालात काढली होती. नवी आवृत्ती चढवून सकाळी त्यांनी ती एकेक करून चालू केली होती. चौदाही उठली होती. फक्त अकराव्याचा आवाज येत नाही, कुणाला काही सुचतं का, असं त्यांनी विचारलं होतं.

मात्राबाईंनी तो निरोप मोठ्याने वाचून दाखवला. वहिनीने इस्त्री उभी करून ठेवली आणि चष्मा पुसत शेजारी येऊन बसली.

"त्यांना आधी विचारा," ती म्हणाली, "मशीन कुठलं, आणि प्लगचं काय करतात ते."

मात्राबाईंनी कळफलक पुढे ओढला. "तूच लिही," त्या म्हणाल्या. "मी तपासते."